धर्म, नोकरी आणि कायदा: सवलत मागण्याआधी आणि नाकारण्याआधी

एकदा एका ओळखीच्या माणसाने मला त्याचा अर्ज वाचायला दिला. चार पाने होती. त्यातली जवळजवळ साडेतीन पाने धर्मग्रंथातली वचने, त्यांचे अर्थ आणि घरात किती पिढ्या ती पाळली जातात याने भरलेली. अगदी शेवटी एक ओळ: ‘तरी मला दर शुक्रवारी दुपारी मोकळीक मिळावी.’ किती वेळ, कोणत्या शिफ्टमधून, त्या वेळात मशीन कोण सांभाळणार, याबद्दल एक अक्षर नाही. अर्ज नामंजूर झाला होता आणि तो फार दुखावला होता. आम्ही नवा अर्ज लिहिला, एका पानाचा. पंचेचाळीस मिनिटे हवीत, बदल्यात त्या दिवशी पाऊण तास आधी येतो, मशीनवर अमुक सहकारी उभा राहायला तयार आहे, सोबत शिफ्टचा तक्ता. तो मंजूर झाला.

या लेखात मला जे सांगायचे आहे ते बहुतेक या एका पानात आहे. बहुतेक देशांतला कायदा तुमची श्रद्धा खरी की खोटी, थोर की सामान्य, हे फारसे तोलत बसत नाही. तो तोलतो काम: कोणते काम, कोणत्या वेळी, कोणाच्या जिवावर आणि किती खर्चाने अडते. म्हणून अर्ज करणाऱ्यानेही कामाबद्दल लिहावे आणि नाकारणाऱ्यानेही कामाबद्दलच लिहावे.

आधी पाया समजून घ्या

मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे (१९४८) अठरावे कलम विचार, विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य देते, आणि त्यात धर्म बदलण्याचे स्वातंत्र्यही येते. हाच हक्क नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात (१९६६) पुन्हा अठराव्याच कलमात आहे, पण तिथे एक भेद नीट केलेला आहे. मनात काय मानायचे, यावर कोणतेही बंधन चालत नाही. त्यासाठी कोणावर बळजबरी करता येत नाही. ते मानणे बाहेर आचरणात आणायचे म्हटले, म्हणजे वेश, प्रार्थना, सण, उपवास, की मर्यादा येऊ शकतात. मात्र त्या कायद्याने घातलेल्या असाव्या लागतात आणि सार्वजनिक सुरक्षितता, सुव्यवस्था, आरोग्य, नीतिमत्ता किंवा इतरांचे मूलभूत हक्क जपण्यासाठी खरोखर आवश्यक असाव्या लागतात. नोकरीतले जवळजवळ सगळे वाद या दुसऱ्या कप्प्यातले असतात. कोणी काय मानतो यावर सहसा कोणी बोट ठेवत नाही. अडते ते डोक्यावरच्या कापडावर, शनिवारच्या शिफ्टवर, दाढीवर.

हे संरक्षण फक्त धार्मिकांना आहे हा गैरसमज मी फार ऐकतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९३ मध्येच स्पष्ट केले आहे की ईश्वर न मानणारे आणि कोणताही धर्म न पाळणारे यांनाही याच कलमाचे छत्र आहे. ऑफिसातल्या प्रार्थनेला हजर राहायला भाग पाडले जाणारा नास्तिक याच कलमावर बोट ठेवू शकतो.

नोकरीपुरता मुख्य दस्तऐवज म्हणजे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १११ क्रमांकाचा करार, १९५८ चा. नोकरी आणि व्यवसायात धर्मासह इतर काही कारणांवरून संधी हिरावणारा भेद, वगळणूक किंवा पसंती त्याने निषिद्ध ठरवली. त्यात एक अपवाद ठेवला आहे: त्या विशिष्ट कामाची जी अंगभूत गरज असेल, तिच्यावर आधारलेला भेद हा भेदभाव धरला जात नाही. ‘त्या विशिष्ट कामाची’ हे शब्द अधोरेखित करून ठेवा. मालकाची आवड, ग्राहकाची नाराजी, ‘आमच्याकडे असेच चालते’ यातले काहीही अंगभूत गरजेत आपोआप बसत नाही.

पायरी पहिली: तुम्हाला लागू कोणता कायदा, ते शोधा

आंतरराष्ट्रीय करार हाती घेऊन थेट एचआरच्या टेबलावर जाता येत नाही. देशाचा कायदा लागतो, आणि इथे देशादेशांत मोठी तफावत आहे.

अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा सातवा भाग १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना लागू होतो. १९७२ च्या दुरुस्तीने त्यात मालकावर धार्मिक आचरणाची वाजवी सोय करून देण्याचे कर्तव्य आले. कॅनडात हे कर्तव्य न्यायालयांनी घडवले आणि ते बरेच कडक आहे. युरोपीय संघात २००० सालचा नोकरीतल्या समानतेचा निर्देश आहे, पण त्यात ‘वाजवी सोय’ हे कर्तव्य अपंगत्वापुरतेच लिहिलेले आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यातही धर्मासाठी तसे वेगळे कर्तव्य नाही. अशा ठिकाणी मागणीची भाषा बदलावी लागते. ‘मला सोय द्या’ एवढे म्हणून भागत नाही. ‘हा नियम माझ्यासारख्यांवर जास्त जाच करतो, आणि तुमचा हेतू कमी जाचक मार्गानेही साधतो’ असे दाखवावे लागते.

भारतात संविधानाचे कलम १६ सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला मनाई करते, मात्र धार्मिक संस्थेच्या पदावर त्या धर्माची व्यक्ती असावी असा कायदा करता येतो. खासगी नोकरीसाठी धर्मावरच्या भेदभावाला सरसकट बंदी घालणारा एकच व्यापक कायदा मात्र नाही. त्यामुळे खासगी कंपनीतल्या माणसाने आपले नेमणूकपत्र, कंपनीचे लेखी धोरण आणि कामगार कायदे या क्रमाने आधार शोधावा.

एका संध्याकाळी बसून इतके लिहून काढा: मालक सरकारी की खासगी, कर्मचारी किती, मी कायम की कंत्राटी, तक्रार कोणत्या संस्थेकडे जाते आणि मुदत किती. मुदतीबद्दल शेवटी पुन्हा येतो, कारण तिथेच सर्वांत जास्त माणसे बुडतात.

पायरी दुसरी: झाले काय, त्याला नाव द्या

‘अन्याय झाला’ हे खरे असले तरी तक्रारीत ते पुरत नाही. धर्म पाहूनच नाकारले, तर तो थेट भेदभाव. नियम सगळ्यांना सारखा, पण फटका एका श्रद्धेच्या लोकांना, तर तो अप्रत्यक्ष. टोमणे, चिडवणे, धर्म बदलण्यासाठीचा लकडा, हा छळ. तक्रार केली म्हणून अप्रेझल खाली आणले, तर तो सूड, आणि त्यावर स्वतंत्र दाद मागता येते. कित्येकदा मूळ तक्रार टिकत नाही पण सुडाची टिकते.

अप्रत्यक्ष भेदभाव लोकांना लवकर पटत नाही, म्हणून एक उदाहरण. कॅनडात एका मोठ्या दुकानाचा नियम होता की पूर्णवेळ विक्री कर्मचाऱ्यांनी शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी आळीपाळीने काम करायचेच. एका विक्रेत्या बाईंच्या पंथात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत काम वर्ज्य. मालकाच्या मनात धर्माबद्दल काडीचा आकस नव्हता. त्याला फक्त गर्दीच्या वेळी माणसे हवी होती. १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हेतू नसला तरी परिणाम भेदभावाचा असू शकतो, आणि अवाजवी भार पडेपर्यंत मालकाने सोय करायला हवी.

मुलाखतीच्या टप्प्यावर वेगळी काळजी घ्या. अमेरिकेत एका कपड्यांच्या दुकानसाखळीने हिजाब घालून मुलाखतीला आलेल्या मुलीला नाकारले, कारण विक्रेत्यांच्या पेहरावाच्या धोरणात टोपी चालत नव्हती. मुलीने धर्माचा विषय काढला नव्हता, कंपनीनेही विचारले नव्हते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मालकाला पक्की माहिती होती का हा प्रश्न नाही. सोय द्यावी लागेल हे टाळण्याच्या इच्छेने नकार दिला असेल तर तो भेदभावच. मुलाखत घेणाऱ्यांसाठी सोपी वाट अशी: उमेदवाराला कामाच्या गरजा सांगा, ‘या वेळा आणि हा गणवेश तुम्हाला जमेल का?’ एवढे सगळ्यांना विचारा. ‘तुमचा धर्म कोणता?’ हे कोणालाच विचारू नका.

पायरी तिसरी: श्रद्धा किती सिद्ध करायची?

इथे न्यायालयांच्या दोन परंपरा आहेत आणि तुम्ही कोणत्या परंपरेत उभे आहात हे कळले पाहिजे.

पहिली परंपरा प्रामाणिकपणा पाहते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले की धर्मगुरू काय म्हणतात किंवा त्याच धर्माचे इतर लोक काय करतात हे निर्णायक नाही. त्या व्यक्तीची श्रद्धा प्रामाणिक आहे का, तेवढेच बघायचे. ब्रिटनमध्ये धर्माबरोबर तात्त्विक श्रद्धेलाही संरक्षण आहे. तिथे २००९ च्या एका निर्णयाने निकष आखले की ती नुसते मत नसून मनापासूनची धारणा हवी, जीवनाच्या महत्त्वाच्या अंगाशी निगडित हवी, तिच्यात गांभीर्य आणि सुसंगती हवी, आणि ती मानवी प्रतिष्ठेशी व इतरांच्या मूलभूत हक्कांशी विसंगत नको. त्याच वाटेने २०२० मध्ये एका न्यायाधिकरणाने नैतिक कारणासाठी पाळलेले शुद्ध शाकाहारी, प्राणिजन्य काहीही न वापरणारे जीवन या व्याख्येत बसवले.

दुसरी परंपरा भारताची. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून आपली न्यायालये एखादी प्रथा त्या धर्माचा अत्यावश्यक भाग आहे का, हे तपासत आली. हवाई दलातल्या एका कर्मचाऱ्याची दाढी ठेवण्याची मागणी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. केस कापायला धर्माचीच मनाई असेल तरच सवलत असा नियम होता, आणि तशी मनाई असल्याचे न्यायालयापुढे दाखवता आले नाही. मला ही दुसरी कसोटी माणसावर अन्याय करणारी वाटते, कारण ती एका साध्या नोकरदाराला धर्मशास्त्राच्या परीक्षेला बसवते. पण ती आहे, आणि तिथे लढणाऱ्याने ग्रंथाचा किंवा परंपरेचा आधार तयार ठेवायलाच हवा, जोडपत्रात, अर्जाच्या पोटात नव्हे.

मालकाला काही शंका असेल तर एखादा साधा प्रश्न विचारायला हरकत नसते. ‘तुमच्याच धर्माचा तो दुसरा तर असे काही मागत नाही’ हा मात्र प्रश्न नाही, टोमणा आहे, आणि उद्या तो पुराव्यात तुमच्याविरुद्ध वाचला जाईल.

पायरी चौथी: अर्ज

तोंडी बोला, पण त्याच दिवशी ईमेल करा. नमुना असा:

‘महोदय, माझ्या श्रद्धेनुसार मला दर शुक्रवारी दुपारी १ ते १.४५ या वेळेत सामूहिक प्रार्थनेला जावे लागते. माझी शिफ्ट सकाळी ९ ते ५.३० आहे. त्या दिवशी मी ८.१५ ला येईन. माझ्या जागी त्या वेळेपुरते काम पाहायला एक सहकारी तयार आहेत. महिनाअखेरीच्या शुक्रवारी काम जास्त असते. त्या दिवशी वेळ बदलून देता आली तरी चालेल. हे शक्य नसेल तर कोणता पर्याय शक्य आहे, हे कृपया कळवावे. तीन महिने करून पाहून पुन्हा बसू या.’

‘शक्य नसेल तर कोणता पर्याय’ हे वाक्य गाळू नका. त्यामुळे नुसते ‘नाही’ म्हणून विषय संपवणे समोरच्याला अवघड होते. आणि महिनाअखेरीची अडचण आपणच मांडल्याने तुम्ही कामाचा विचार करता हे दिसते. कॅनडाच्या न्यायालयाने १९९२ मध्ये हेही बजावले की सोय शोधणे ही दोघांची जबाबदारी आहे. कर्मचाऱ्याला वाजवी तोडगा मिळायला हवा, मनासारखा शंभर टक्के तोडगा मिळेलच असे नाही, आणि वाजवी तोडगा झिडकारला तर पुढे त्याची बाजू पडते.

पायरी पाचवी: मालकाने काय तोलायचे

आता टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांसाठी, आणि हा भाग कर्मचाऱ्यांनीही वाचावा.

नकार द्यायचा तर आकड्यांत द्या. अमेरिकेत १९७७ च्या एका निर्णयाचा अर्थ असा लावला जाई की किरकोळाहून थोडा जास्त खर्च आला तरी मालक सोय नाकारू शकतो. सेहेचाळीस वर्षे त्या एका वाक्यावर असंख्य अर्ज फेटाळले गेले. २०२३ मध्ये, रविवारी टपाल वाटायला नकार देणाऱ्या एका पोस्टमनच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती पट्टी बदलली: त्या व्यवसायाच्या मानाने भरीव जादा खर्च पडतो, हे मालकाने दाखवायला हवे. शिवाय, सहकाऱ्यांना त्या धर्माचा किंवा सवलतीच्या कल्पनेचाच राग आहे, ही अडचण म्हणून मोजता येत नाही. त्यांच्यावर खरोखर जादा ड्युट्या पडत असतील आणि त्याचा धंद्यावर परिणाम होत असेल, तर ते मोजता येते.

म्हणून फाईलमध्ये काय असावे? कोणाकोणाला शिफ्ट बदलायला विचारले, कोणत्या तारखेला. ओव्हरटाइमचा हिशेब. दुसऱ्या विभागात बदली शक्य होती का. तीन महिने करून पाहिले का. दक्षिण आफ्रिकेत महिन्यातून एकदा शनिवारी होणाऱ्या साठामोजणीला श्रद्धेमुळे न येणाऱ्या एका कर्मचारी बाईंना कामावरून काढले होते. २०१८ मध्ये तिथल्या कामगार अपील न्यायालयाने ती बडतर्फी अन्याय्य ठरवली, कारण त्यांच्याशिवाय मोजणी होऊच शकत नव्हती हे मालकाला दाखवता आले नाही. महिन्यातला एक दिवस! कागदावर ‘सर्वांना सक्तीचे’ लिहिलेले असते, म्हणजे तो एक माणूस अपरिहार्य असतोच असे नाही.

कामगार संघटनेच्या लोकांनाही एक गोष्ट. वर उल्लेखलेल्या १९९२ च्या खटल्यात शाळेतल्या सफाई कर्मचाऱ्यासाठी मालक रविवार ते गुरुवार अशी पाळी लावायला तयार होता. संघटनेने तक्रारीची धमकी देऊन ती अडवली. न्यायालयाने मालकाबरोबर संघटनेलाही जबाबदार धरले. सामूहिक करार आहे, हे एवढे उत्तर पुरले नाही.

वेश: जिथे एकाच दागिन्याचे दोन निकाल लागतात

१५ जानेवारी २०१३ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने एकाच निकालपत्रात दोन क्रॉसचा निवाडा केला. पहिला क्रॉस ब्रिटिश एअरवेजच्या चेक-इन काउंटरवरच्या कर्मचारी बाईंच्या गळ्यात. २००६ मध्ये तो दिसता कामा नये म्हणून त्यांना बिनपगारी घरी पाठवले होते. न्यायालय म्हणाले, कंपनीची प्रतिमा जपणे हा हेतू रास्त आहे, पण देशातल्या न्यायालयांनी त्याला फाजील वजन दिले. क्रॉस लहानसा होता, आणि कंपनीने पुढे स्वतःच नियम बदलला म्हणजे तो तेवढा महत्त्वाचा नव्हता. हक्काचा भंग झाला. दुसरा क्रॉस एका परिचारिकेच्या गळ्यातला, साखळीत. त्या वृद्ध रुग्णांच्या वॉर्डात काम करत. रुग्णाने साखळी ओढली, उघड्या जखमेला ती लागली, तर? तिथे भंग झाला नाही, असा निकाल.

दागिना तोच, धर्म तोच. बदलले फक्त काम. वेशाच्या प्रत्येक वादात मी आधी हाच प्रश्न विचारतो: हा रोख प्रतिमेचा आहे की सुरक्षिततेचा? प्रतिमेचा असेल तर कर्मचाऱ्याचे पारडे बरेच जड असते. सुरक्षिततेचा असेल तर धोका नेमका काय, याचा कागद मागा, कारण ‘सुरक्षितता’ हा शब्द पुष्कळदा सवयीने वापरला जातो. ब्रिटनने १९८९ पासून बांधकामाच्या जागी पगडीधारी शिखांना हेल्मेटच्या सक्तीतून सूट दिली आणि २०१५ मध्ये ती बहुतेक इतर कामाच्या जागांवर नेली. म्हणजे हेल्मेटसारख्या ठिकाणीही कायदा वाट काढू शकतो.

युरोपीय संघाचे न्यायालय वेगळे आहे, आणि त्याची भूमिका मालकाला थोडी अधिक झुकते माप देणारी आहे. २०१७ मध्ये त्याने म्हटले की धार्मिक, राजकीय, तात्त्विक अशी सगळीच चिन्हे सर्वांना सारखी बंद असतील तर तो थेट भेदभाव नाही. पण त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात सांगितले की ‘ग्राहकाला हिजाब घातलेली कर्मचारी नको’ ही कामाची खरी गरज होऊ शकत नाही. २०२१ मध्ये आणखी एक पाऊल: तटस्थता हवी असे नुसते म्हणून चालणार नाही, तशी खरी गरज मालकाने दाखवायला हवी, आणि फक्त मोठी, ठळक चिन्हे बंद करणे हा थेट भेदभाव ठरू शकतो. गळ्यातले छोटे चिन्ह चालते आणि डोक्यावरचे कापड चालत नाही, असा नियम कोणाला लागतो हे सांगायला नको.

श्रद्धा जिथे दुसऱ्याच्या हक्काला भिडते

२०१३ च्या त्याच निकालपत्रात लंडनच्या एका निबंधक बाई होत्या. समलिंगी जोडप्यांच्या नागरी भागीदारीची (विवाहासारख्या कायदेशीर नात्याची) नोंद करणे त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हते. त्या हरल्या. इथे वेळ किंवा कपडा अडत नव्हता. सार्वजनिक सेवा कोणाला मिळणार हा प्रश्न होता. अशी अडचण तुम्हाला दिसत असेल तर नोकरी घेण्याआधी कामाची यादी मागून वाचा. एखादे काम अंतर्गत अदलाबदलीने, समोरच्या माणसाला जराही न जाणवता टाळता येत असेल तर मागून बघा. समोर उभ्या माणसाला परत पाठवण्याची परवानगी मात्र मागू नका.

धार्मिक संस्था स्वतः मालक असते तेव्हा तराजू थोडा तिच्याकडे कलतो. अमेरिकेत धर्मोपदेशकाच्या स्वरूपाच्या पदांवर भेदभावविरोधी कायदे चालत नाहीत, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एका चर्च-शाळेतल्या शिक्षिकेच्या खटल्यात मान्य केले. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले की त्या धर्माचे किंवा चर्चचे सभासद असण्याची अट त्या कामासाठी खरी, रास्त आणि समर्थनीय आहे का, हे न्यायालय तपासू शकते. पूजा सांगणारा आणि हिशेब लिहिणारा यांना एकाच अटीत बांधताना संस्थेने हे लक्षात ठेवावे.

नकार आलाच तर

कारण लेखी मागा. प्रसंग घडला त्याच दिवशी वहीत तारीख, वेळ, शब्द, हजर माणसे लिहून ठेवा. ईमेल स्वतःजवळ जपा, पण कंपनीची गोपनीय कागदपत्रे उचलू नका. त्यावरूनच कारवाई होते. अंतर्गत तक्रार जरूर करा, मात्र तिच्या उत्तराची वाट बघत बाहेरची मुदत घालवू नका. अमेरिकेत तक्रार घटनेपासून १८० दिवसांत करावी लागते, तशाच कायद्याची स्थानिक यंत्रणा असेल तर ३०० दिवसांत. कॅनडाच्या केंद्रीय आयोगाकडे साधारण एक वर्ष. आपल्या ठिकाणची तारीख शोधा आणि मोबाइलमध्ये गजर लावा.

आणि रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. ‘जमत नसेल तर नोकरी सोडा, तुम्हाला कोणी अडवले आहे?’ हे उत्तर युरोपात पूर्वी चालून जाई. २०१३ च्या निकालाने ते मागे सारले आणि म्हटले की नोकरी सोडण्याची मोकळीक हा तोलायच्या गोष्टींपैकी एक मुद्दा आहे, पूर्ण उत्तर नाही. राजीनामा दिलात की मात्र ‘आम्ही काढलेच नाही’ हे उत्तर तुम्ही स्वतःच्या सहीने मालकाच्या हाती देता, आणि मग ‘मला सोडायला भाग पाडले’ हे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते. लिहिलाच असेल तर तो मेल ड्राफ्टमध्ये राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आधी वकिलाला दाखवा.